मागची तारीख

आमची पहिली भेट भांडणानंच झाली. १९७९ सालचा एप्रिल, तारीख नऊ. सोलापूरच्या तहसील कचेरीत मी आमच्या वाडीतल्या अकरा बायकांचे अर्ज घेऊन उभी होते. टेबलापलीकडचे कारकून – सिद्धाराम त्यांचं नाव – एकेक कागद उलटून बघत होते.

रोजगार हमीचा कायदा तेव्हा नवाच होता. काम मागून पंधरा दिवसांत मिळालं नाही, तर सरकारनं रोजचा रुपया बेकारभत्ता द्यायचा. आम्ही काम मागून वीस दिवस झाले होते. वाडीत मॅट्रिक झालेली मी एकटीच, म्हणून सगळे अर्ज मीच लिहिले होते, आणि त्याचा मला तोराही होता.

"काम मागितल्याची पोच कुठंय?" त्यांनी विचारलं.

पोच? मी तर ग्रामसेवकांच्या हातात गठ्ठा देऊन तशीच घरी आले होते. सही-तारखेचा कागद मागून घ्यायचा असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. तो नाही, तर पंधरा दिवस मोजायचे कुठून?

"मग आता तुमी द्या की. मागची तारीख घाला."

"मागची तारीख घालता येत नाही, बाई. आजची घालतो. आजपासून पंधरा दिवस."

त्या अकराजणींतल्या बसव्वाच्या घरी चूल एकच वेळ पेटत होती, आणि माझ्या चुकीपायी तिला आता... रडू येऊ नये म्हणून मी त्यांनाच वाट्टेल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माठातलं पाणी आणून दिलं आणि अकरा पोचा स्वतः लिहायला बसले. खिडकीतून लिंबाची फुलं कागदांवर पडत होती. ती हळूच फुंकून ते पुढं लिहायचे. मध्येच त्यांनी वर बघितलं, आणि मी नेमकी त्यांच्याकडंच बघत होते.

त्यानंतर मी तीनदा सोलापूरला गेले. एकदा बसव्वाचा अंगठा नीट उमटला नव्हता म्हणून, एकदा चौकशीला. तिसऱ्यांदा कशाला चाललीस, असं आईनं विचारलं तेव्हा मी नुसतीच वेणी घालत राहिले.

"सगळ्यांनाच असं पाणी आणून देता का?" मी त्या दिवशी त्यांना विचारलं.

"नाही. भांडणाऱ्यांनाच."

चौदाव्या दिवशी कामाचा हुकूम आला. वाडीपासून मैलावर पाझर तलाव खोदायचा. भत्त्यापेक्षा काम केव्हाही चांगलं. बसव्वानं माझ्या तोंडात गूळ घातला. पण आता कचेरीत जायला कारणच उरलं नव्हतं. तोंडात गूळ आणि डोळ्यांत पाणी, अशी मी वेडी.

शनिवारी, अठ्ठावीस तारखेला, ते तलावावर आले. हजेरीचं मस्टर तपासायला म्हणे. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. 'विनंती अर्ज करतो की,' अशी थाटात सुरुवात, आणि पुढं सरळच लिहिलं होतं – 'तुम्ही मला फार आवडता. तुमची तयारी असेल, तर माझे आईवडील तुमच्या आईला भेटायला येतील.'

माझे कान तापले. मातीचे हात पदराला पुसले, तरी कागदावर बोटं उमटलीच.

"लगेच उत्तर नको," ते म्हणाले. "पण... पंधरा दिवसांत कळवा."

"आधी पोच घ्या," मी म्हणाले. "तुमीच शिकवलंय."

त्यांचंच पेन मागून घेतलं. कागदाचा कोपरा फाडून लिहिलं – अर्ज मिळाला. खाली सही केली, दाक्षायणी. त्याखाली तारीख. त्यांनी वाचलं, आणि कपाळाला आठी पडली.

"तारीख चुकलीय. नऊ एप्रिल... ही तर आपण भांडलो त्या दिवसाची."

"व्हय."

"मागची तारीख घालता येत नाही."

"सरकारला येत न्हाई. मला येतंय."

ते बोटांवर दिवस मोजायला लागले. मोजता मोजता थांबले.

"मग पंधरा दिवस तर... मंगळवारीच संपले."

"संपले की. मला त्याच दिवशी आवडला होता तुमी. आता आईकडं कधी येताय, ते सांगा."

त्यांनी ती पोच घडी करून खिशात ठेवली, वरून हात दाबून धरला.

"म्हणजे अर्ज माझाच उशिरा आला," ते म्हणाले.

"लई उशिरा," मी म्हणाले, आणि माझ्या भाकरीतली अर्धी मोडून त्यांच्या हातावर ठेवली.