काळ्या मातीवरचा दस्तरखान

बुलडोझर थेट अंगावर आला, तरी आयजारकीन जागची हलली नाही. काळ्या मातीच्या ढिगावर तिने दस्तरखान अंथरला, त्यावर नान ठेवला आणि थर्मास उघडला.

यंत्र थांबलं. तेमिरलान खाली उतरला... चेहरा कोळशाने माखलेला, डोळे तेवढे हसरे.

"बाईसाहेब, सहलीला दुसरी जागा नाही मिळाली?"

"तुम्हाला दगड लोटायला नाही मिळाली?"

कोळशासाठी कुरण खोदलं, तेव्हा वरची ही माती, जमीन पूर्ववत करण्याचं काम बघणाऱ्या आयजारकीननेच वेगळी काढून घेतली होती. खाणीतले दगड सपाट केले की त्यांच्यावर हीच पसरायची, म्हणजे पुन्हा गवत येणार. आणि आता खाणीचे साहेब म्हणत होते, टाका दगड त्या मातीवरच! माती गाडली की कुरण कायमचं गेलं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

केबिनमधला वायरलेस खेकसला, "लोट की रे!"

"साहेब, मध्ये दस्तरखान आहे. वर नान आहे."

साहेबही याच डोंगरातले. नानावरून यंत्र नेणारा माणूस गावात तोंड कुठे दाखवणार?

"मग तिला उचलायला सांग!"

"उचला म्हणतायत," तेमिरलान म्हणाला— आणि बसून त्याने नानाचा तुकडा तोडला. समोरचा नान चाखल्याशिवाय जाता थोडंच येतं!

"जेवण संपलं की उचलते. जेवण संपवणारं 'ओमीन' म्हणायचं राहिलंय."

"मग म्हणा."

"नाही म्हणत, जा!"

तो खो खो हसला. तिने चहा ओतला आणि पेला त्याच्यापुढे सरकवला.

"अर्धाच पेला?"

"भरून दिला तर रीतीप्रमाणे निघावं लागेल तुम्हाला..." बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

साहेबांनी दुसरा बुलडोझर धाडला. त्याचाही चालक नान चाखून तिथेच बसला. शेवटी साहेब स्वतः आले, रागाने लालबुंद. दस्तरखानाकडे बघत उभे राहिले, मग वाकून त्यांनीही तुकडा तोडला.

"ठेव तुझी माती," ते पुटपुटले. "आणि तेमिरलान, तू उद्यापासून येऊ नकोस."

"बरं झालं," तो म्हणाला. "चहा गार होत होता."

वसंतात माती पसरायला मात्र तोच आला, मामाचा ट्रॅक्टर मागून घेऊन. उन्हाळ्यात उतारभर एस्पार्सेट या चाऱ्याच्या झाडाचे गुलाबी तुरे डुलू लागले, मधमाश्या घुमू लागल्या. आयजारकीनने तिथेच दस्तरखान अंथरला.

"आईने मागणीचे कानातले घडवून ठेवलेत," तो नानाकडे बघत म्हणाला. "तुझ्या कानात घालायला... येऊ दे तिला?"

"विचारतोस काय? घेऊन ये!"

"मग आता तरी म्हण ओमीन. तेव्हाचं जेवण अजून संपलेलं नाही."

"आणि संपणारही नाही!" ती म्हणाली, आणि तिने त्याचा पेला पुन्हा अर्धाच भरला.