‘मा’ लिहिलेलं टोक

खेळ साधा होता. गुणवंतने डोंगरात जाऊन रेडिओची डबी लपवायची आणि दिशा दाखवणारे अँटेना घेऊन बाकीच्यांनी ती शोधायची. हरेल त्याने महिनाभर सगळ्यांच्या घरचा कचरा वेगळा करायचा! हौशी रेडिओवाल्यांची हौस ती. त्यासाठी ऑक्टोबरातल्या एका रविवारी चौघं जपानातल्या सेंदाई शहरातून दीड तास प्रवास करून या जंगलापाशी आले होते.

दहाला परतणारा गुणवंत साडेअकरा वाजले तरी आला नाही. धुकं मात्र आलं. आणि मिनिटाला एकदा ‘पीं’ करणारी ती डबी अचानक भलतंच बोलू लागली. तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे.

“वहिनी, हे आपोआप होत नाहीये,” नचिकेत म्हणाला. तो गुणवंतच्या ऑफिसातला. रेडिओचं लायसन्स मिळून त्याला जेमतेम महिना झाला होता. “दादा स्वतः बटण दाबतोय. मदत मागतोय.”

गुणवंतची बायको सुप्रभा हिने झटकन फोन काढला. त्याला रेंज नव्हती. चौथे, गाडीचे मालक सासाकीसान बचाव पथकाला कळवायला गावाकडे निघाले. पण डबीची बॅटरी फार तर तासभर टिकणार होती. ती संपली तर या धुक्यात नवरा सापडणार कसा? आणि इथे अस्वलं होती! त्यांना चाहूल लागून ती दूर जावीत म्हणून कमरेला घंटी बांधून दोघं आत शिरली.

सुप्रभाच्या गळ्यात रेडिओ आणि हातात त्याला वायरने जोडलेला, गुणवंतने घरी बनवलेला ‘यागी’ अँटेना होता: प्लास्टिकच्या पाइपवर आडव्या बसवलेल्या लवचीक पोलादी मोजपट्टीच्या तीन पट्ट्या. मागची पट्टी लहरी आरशासारख्या पुढे परतवते, मधली त्या ऐकते, पुढची त्यांना वाट करून देते. म्हणून यागीचं तोंड डबीकडे वळलं की आवाज सर्वांत मोठा येतो. जेवताना त्याने हे किती वेळा समजावलं असेल! ती हूं हूं करत पोळ्या वाढत असायची. पण तोंड ओळखणं सोपं होतं. पाइपच्या एका टोकाला त्याच्या अक्षरात ‘मा’ लिहिलं होतं. माए, म्हणजे जपानीत ‘पुढे’. बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात काम करताना तिची अख्खी वही अशा देवनागरीतल्या जपानीने भरली होती.

नचिकेतकडे तारेचा ताटाएवढा गोल होता. त्याची तऱ्हा उलटी. त्याचं सपाट अंग डबीकडे वळलं की आवाज चक्क मरतो! शिवाय डबी समोर आहे की पाठीमागे, हे तो सांगत नाही. नुसती रेघ दाखवतो.

“रेघ तुझी, दिशा माझी,” सुप्रभा म्हणाली.

रेघ ओढ्याच्या कडेने जात होती. आवाज मोठा झाला तेव्हा ‘मा’चं टोक उताराकडे होतं. दोघं कमरेएवढ्या बांबूगवतातून, ओल्या मुळांवरून उतरत गेली. दहा मिनिटांनी आवाज बारीक झाला. आणखी दहा मिनिटांनी आणखी बारीक.

“बॅटरी चाललीय,” नचिकेत म्हणाला.

“की आपणच चुकतोय?”

“अँटेना तर इकडेच दाखवतोय ना!”

दाखवत होता खरा. बॅटरी संपत असेल तर धावायला हवं. दिशा चुकली असेल तर धावणंच घातक! की लहरी समोरच्या कड्यावर आपटून परतत होत्या? खरा आवाज कुठला? सुप्रभाला काही म्हणजे काही सुधरेना. तिला रडू येत होतं आणि गुणवंतचा भयंकर रागही येत होता.

धप्प! पाय निसटला. ती घसरली. झुडूप हाती लागलं. थांबली! यागीची वायर उपसून आली होती. छातीवरच्या रेडिओच्या टीचभर अँटेनावर मात्र क्षीण ‘पीं पीं’ येत होती. ती उठून उताराकडे वळली. आवाज गेला. चढाकडे वळली. आला!

“नचिकेत! माझं अंग आड येतंय. तो मागे आहे!”

“मग यागी खोटं कसं बोलेल?”

तिने यागी समोर धरला. मोजपट्टीच ती, आकडे अंगावरच छापलेले. तिने प्रत्येक पट्टीच्या दोन टोकांच्या आकड्यांची घाईघाईने वजाबाकी केली. ‘मा’च्या टोकाची पट्टी एकशे पाच सेंटिमीटर. दुसऱ्या टोकाची एकोणनव्वद. झुडपांतून वाकत आलेल्या पट्ट्यांतला फरक डोळ्यांत भरलाच नव्हता. लांब मागे, आखूड पुढे! जेवणाच्या टेबलावरचं तेवढं एक वाक्य तिच्या कानात राहिलं होतं.

“चढ! उलटं चढ!”

तिने यागीची वायर परत खोचली. घसरत, ओरबाडून घेत दोघं धावली. आवाज वाढला. वाढतच गेला. शेवटी यागी कुठेही वळवला तरी सारखाच कोकलू लागला.

“गुणवंत!” ती जिवाच्या आकांताने ओरडली.

“इकडे!”

ओढ्याच्या वळणावर तो सुजलेला पाय पसरून बसला होता. डबी मांडीवर, अंगठा बटणावर. सुप्रभाने त्याला मिठी मारली आणि आता ती खुशाल रडली.

पट्ट्या उपटून तिने यागीचा पाइप त्याच्या पायाला बांधला. डबीचा खेळ तिथेच राहिला. कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही. एवढ्यात रेडिओवर सासाकीसान हाका मारू लागले. गाडी परतली होती, पथकही आलं होतं. नचिकेतने गोल फिरवून रेघ धरली आणि हाका उतारावरून येताहेत, हे सुप्रभाने पाठ वळवून पक्कं केलं.

“तू त्या टोकाला ‘मा’ का लिहिलंस रे?” तिने विचारलं.

“मागे, म्हणून. का?”

“अख्खं घर जपानीत लेबलं लावतं. हेच मराठीत कशाला?”

“तुला चटकन कळावं म्हणून!”

सुप्रभाने त्याच्या खिशातलं पेन काढलं आणि पायाला बांधलेल्या पाइपवर, ‘मा’च्या पुढे, ‘गे’ लिहिलं.