जन्मसालापुढची रेघ

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर ही गोष्ट मी घरातसुद्धा कोणाला सांगितलेली नाही. भीती वाटते म्हणून नव्हे, लाज वाटते म्हणून. तो दिवा तेवढा राहू द्या.

मी वाचनालयात सहायक आहे. जुनी कार्डं जाऊन संगणक आला, तेव्हा सगळी पुस्तकं त्यात चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. काम तसं सोपं. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, कपाट, खण. लेखकाच्या नावापुढे त्याचं जन्मसाल, मग एक छोटी रेघ आणि रेघेपुढे मृत्यूचं साल. माणूस हयात असेल तर रेघेपुढची जागा मोकळी सोडायची. पण जन्मसाल फार जुनं आणि पुढची जागा मोकळी असली, की ती नोंद पडद्यावर लाल व्हायची. म्हणजे चौकशी करा, घरच्यांना फोन लावा, मग काय ते लिहा.

"महिनाअखेर एकही लाल नोंद दिसता कामा नये," असं ग्रंथपाल मॅडमनी बजावलं होतं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? मी मान डोलावली.

एका शनिवारी दुपारी मी त्या लाल नोंदी उघडून बसलो. आयुष्यात एकच पुस्तक लिहून गप्प झालेली माणसं होती सगळी. कोणाला फोन करत बसू? एवढ्या जुन्या काळातली माणसं, गेलीच असणार, असं मी ठरवून टाकलं. रेघेपुढे जाऊन नुसतं बटण दाबलं तर संगणक आपणहून चालू साल टाकायचा. नावं न वाचताच मी बटण दाबत गेलो. चहा निवायच्या आत सगळं लाल काळं झालं. मला तर स्वतःचं कौतुकच वाटलं.

त्यानंतरच्या बुधवारची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत वाचनकक्ष रिकामा असतो. मी काउंटरवरच डबा खातो. कोपऱ्यात वाचकांसाठी एक संगणक ठेवलाय, तिथून कळफलकाचा आवाज आला. टक... टक... एका बोटानं चालवल्यासारखा.

शिवणबाई आल्या होत्या.

या बाई पूर्वी शिवणवर्ग चालवायच्या. कापड कसं बेतावं यावर त्यांनी तरुणपणी एक बारीकसं पुस्तक लिहिलं होतं. दर बुधवारी यायच्या, त्या संगणकावर स्वतःचं नाव शोधायच्या, पडद्यावर ते आलं की थोडा वेळ बघत बसायच्या आणि उठून जायच्या. पुस्तक कधी मागायच्या नाहीत. आम्ही पाठीमागे हसायचो. "आल्या लेखिकाबाई, आरशात बघायला," असं म्हणायचो. त्यांच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास यायचा. त्या दिवशी तो जरा जास्तच होता.

"अहो, जरा इकडे या," त्या हळूच म्हणाल्या.

मी गेलो. पडद्यावर त्यांचं नाव होतं. जन्मसाल, रेघ आणि रेघेपुढे यंदाचं साल.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई रागावतील, मॅडमकडे जातील, असं मी धरून चाललो होतो. पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं आणि अगदी दबक्या आवाजात विचारलं, "हे तुम्हांला कोणी कळवलं?"

"कोणी म्हणजे... कोणीच नाही!" मी हसायचा प्रयत्न केला. "संगणकाची चूक आहे हो. तुम्ही चांगल्या धडधाकट आहात की!"

"आहे ना?"

त्यांनी ते खरोखर विचारलं. उत्तर हवं असल्यासारखं.

"म्हणजे काय! आत्ता दुरुस्त करतो."

"मग बरं... मला आपलं वाटलं..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. चेहरा मात्र एकदम सैल झाला. मी हात धुवायला गेलो, परत येईतो खुर्ची रिकामी होती. कळफलकावर पांढरी पूड सांडली होती. शिवणकामाच्या खडूची.

दुरुस्ती वाटली तितकी सोपी नव्हती. एकदा साल भरलं की नोंद बंद होते, ती उघडायची तर मॅडमची परवानगी लागते आणि कारण द्यावं लागतं. कारण काय देऊ? त्या एका नोंदीबरोबर बाकीच्यांचंही बिंग फुटलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नोंद वाचकांपासून लपवायची सोय मात्र माझ्या हातात होती. मी ती लपवून टाकली. चुकीचं साल दिसायला नको, एवढाच विचार केला. बाईंना काय दिसेल, हा विचार केलाच नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सुट्टीत पुन्हा टक... टक...

"अहो, मी नाहीच आहे यात."

पडद्यावर अक्षरं होती : एकही नोंद सापडली नाही.

"काम चाललंय बाई. एक-दोन दिवसांत येईल," मी जागेवरूनच म्हणालो. जवळ जायचा धीर झाला नाही.

"मी आहे असं तुम्हीच म्हणालात ना..."

"आहात, आहात."

मग त्या रोज येऊ लागल्या. फक्त त्याच वेळेला. नाव टाइप करायच्या, काही सापडायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून टाइप करायच्या. तक्रार नाही, आवाज चढवणं नाही. मी डब्यात मान घालून बसायचो. कक्षात मशीनच्या तेलाचा वास भरून राहायचा आणि डबा तसाच घरी परत जायचा. सकाळपाळीची बाई कुरकुरायची, "रोज कळफलकावर पीठ कोण सांडतंय?"

चार-सहा दिवस असे गेले. मग एका दुपारी दाराकडे सहज लक्ष गेलं. सुट्टीत मी दाराला आतून कडी लावतो, नेहमीची सवय. कडी लावलेली होती. कोपऱ्यात टक... टक... चालूच होतं.

त्यांना आत कोण घेत होतं?

मी मान वळवली नाही. आवाज थांबेपर्यंत डब्याच्या झाकणाकडे बघत राहिलो.

संध्याकाळी सदस्यांच्या नोंदीतून पत्ता काढला आणि त्यांच्या घरी गेलो. भीतीनं गेलो असं तुम्हांला वाटेल. पण शपथेवर सांगतो, मला त्यांची माफी मागायची होती. त्यांच्या भाचीनं दार उघडलं. आत शिवणयंत्रावर चादर घातलेली होती.

"वाचनालयातून आलोय. बाई आहेत का?"

तिनं मला बसायला सांगितलं. पाणी आणलं. मग म्हणाली, "मावशी गेली हो. तुम्हांला कळलं नाही का?"

"कधी?"

"त्या शनिवारी. दुपारी मशीनवर बसली होती, तशीच मान टाकली." तिनं शिवणयंत्रावरची चादर सारखी केली. "तुमच्या वाचनालयाचं तिला फार होतं. दर बुधवारी जाऊन स्वतःचं नाव बघून यायची. आम्हांला सांगायला लाजायची. तो शेवटचा बुधवार मात्र राहिला तिचा."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. ज्या शनिवारी दुपारी मी बटणं दाबत होतो, तोच शनिवार. मी लिहिलं म्हणून त्या गेल्या, की गेल्या म्हणून माझं बोट तिथं पडलं, ते मला आजही ठाऊक नाही. एक मात्र तिथं बसल्या बसल्या कळलं. बुधवारी त्या भांडायला आल्या नव्हत्या. पडद्यावर होतं ते खरं होतं आणि खरंच आहे का, एवढंच विचारायला त्या आल्या होत्या. मी माझी कातडी वाचवायला त्यांना सांगितलं, तुम्ही आहात. नंतर त्यांचं नावच काढून घेतलं. बिचारीनं जावं तरी कुठं?

भाचीला यातलं एक अक्षर सांगू शकलो नाही. खाली मान घालून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमपुढे उभा राहिलो. शनिवारचं सगळं, बाई त्याच दिवशी गेल्याचं आणि त्यांची नोंद मी लपवल्याचंही सांगितलं, कोपऱ्यातल्या खुर्चीचं तेवढं सोडून.

"फोन करायचा कंटाळा आला म्हणून तुम्ही जिवंत माणसं मारून टाकलीत?"

"चूक झाली, मॅडम."

"बाईंची नोंद पुन्हा दिसू दे. बाकीच्या नोंदी मी उघडून देते. त्यांची सालं आत्ताच्या आत्ता पुसा. एकेकाच्या घरी जाऊन चौकशी करा, मगच लिहा."

माझ्याही मनात तेच होतं. ती माणसं हयात असतील तर ते साल त्यांच्या नावापुढे एक क्षणही नको होतं. मी सगळी सालं पुसली. रेघांपुढच्या जागा पुन्हा मोकळ्या झाल्या, नोंदी पुन्हा लाल झाल्या आणि कधी नव्हे ते तो लाल रंग बघून मला हायसं वाटलं.

दुपारी कडी लावली. डबा उघडला नाही. कोपऱ्यात टक... टक... झालं. मग थांबलं. या वेळी मी उठून गेलो.

बाई पडद्याकडे बघत होत्या. नाव, जन्मसाल, रेघ, यंदाचं साल.

"बाई, मी खोटं बोललो," मी म्हणालो. "तुम्ही... शनिवारीच..."

"हं," त्या म्हणाल्या. शिवण नीट बसली की नाही हे बघावं तसं त्यांनी पडद्यावरच्या नावावरून बोट फिरवलं. "असं आधीच सांगायचं होतंत हो."

एवढंच बोलल्या. त्याहून चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी डोळे पुसले, तेवढ्यात खुर्ची मोकळी झाली. तेलाचा वास हळूहळू विरला. कळफलकावरची पूड मी माझ्या रुमालानं पुसली.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. मी दोन दिवस पोटभर जेवलो. सोमवारपासून चौकशीला निघायचं ठरवलं होतं.

निघण्याआधीच, त्याच सोमवारी दुपारी, कडी लावून वळलो तर कोपऱ्यातल्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ पाठमोरे बसलेले. अंगात स्वेटर, हातात काठी. त्यांना मी कधीच पाहिलेलं नव्हतं. कक्षात औषधाचा उग्र वास येत होता.

"अहो, जरा इकडे या," ते मागे न बघता म्हणाले.

पाय ओढत गेलो. पडद्यावर एक लाल नोंद होती. त्यांनी काठीच्या टोकानं रेघेपुढची मोकळी जागा दाखवली.

"इथं यंदाचं साल होतं. ते का पुसलंत?"

पडद्यावरून नजर काढायची हिंमत होत नव्हती, कारण त्यांच्या खुर्चीमागे, माझ्या अगदी कानाशी, आणखी कोणीतरी हलकेच घसा खाकरला. आपली पाळी कधी येते, हे विचारावं तसा.