त्रेचाळीस नंबरची सातवी ओळ

एकसष्टच्या शिरगणतीचे तक्ते माझ्या गळ्यात पडले होते. पहिल्या तक्त्यात घरं: चौकटीवर गेरूने घातलेला नंबर, कर्त्याचं नाव, माणसं किती. दुसऱ्यात एका ओळीला एक माणूस: नाव, लिंग, वय आणि शेवटच्या रकान्यात घराचा नंबर. त्या नंबरावरून कोण कुठल्या घरचं ते कळायचं. दोन्ही तक्ते जुळले पाहिजेत, एवढंच काम.

पण ते जुळत नव्हते. कट्टा गावाजवळच्या एका वाडीत त्रेचाळीस नंबरला पहिला तक्ता सहा माणसं सांगत होता, दुसरा सात. सातवी ओळ: आनंदी, स्त्री, वय नऊ. अक्षर माझंच होतं. लिहिल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

दोडामार्गाहून सासऱ्यांचं दुसरं पत्र आलं होतं. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बायकोचे दिवस भरले होते, प्रकृती नाजूक होती. मामलेदार म्हणाले, "तक्ते जुळवा, मग रजा." एका ओळीपायी मी अडकलो होतो. वैतागून भर दुपारी सायकल काढली.

त्रेचाळीस नंबरचं घर परशुरामचं. त्याची बायको सुशीला घरापुढच्या खळ्यात आमसुलं वाळवत होती.

"आमी सहाच आसंव," परशुराम म्हणाला.

मी एकेक नाव वाचलं. एकेक जण समोर येऊन "हंय आसय" म्हणाला. सहा झाले. माझं डोकं फिरलं होतं, मी सातवं नावही वाचलं.

"हंय आसय."

आवाज घरातून आला. बारीक, पोरीचा.

सहाही जण माझ्यासमोर खळ्यात होते. कुणी वळून पाहिलं नाही.

"आत कोण आहे?"

"कोण नाय," परशुराम म्हणाला.

मी आत जाऊन आलो. घर रिकामं होतं. ओल्या सारवणावर फक्त माझी पावलं उमटली.

भीती वाटली, पण त्याहून राग जास्त आला. तिथेच उभ्या उभ्या ती ओळ तांबड्या शाईने खोडली, घराच्या नंबरासकट. तक्ते जुळले.

सुशीला हळूच म्हणाली, "तिचा घर खोडलात तुमी. आता ती खंय जातली?"

मी तक्ते पिशवीत घातले आणि सायकलवर टांग टाकली. संध्याकाळी रजा मंजूर झाली.

सकाळी कट्ट्यावर एस.टी. पकडली; दोडामार्गाला जायला सावंतवाडीत गाडी बदलायची होती. शेजारची जागा रिकामीच होती.

"एक सावंतवाडी," मी म्हणालो.

कंडक्टरने माझ्या शेजारी पाहिलं, आणि काही न विचारता एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट फाडून माझ्या हातात ठेवलं.