विहिरीतल्या इंजिनावरची विभूती

यात मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. ज्याला खोटं वाटेल त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं.

लातूर जिल्हा होऊन पहिलाच उन्हाळा. जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच. कंधारच्या रस्त्यावरची एक विहीर आटली आणि गाळात मोटार दिसली.

लोकांनी ती वर काढली. दारं बंद. काचा चढवलेल्या.

आत... कुणीच नाही.

गुरम्मा माझी थोरली जाऊ, अहमदपूरची. तिचा नवरा मन्मथ बहात्तरच्या दुष्काळात आपली भाड्यानं चालवायची मोटार घेऊन गेला, तो आलाच नाही. 'देगलूरला बाई ठेवली,' असं लोक म्हणत. म्हणणाऱ्याच्या दारात जाऊन गुरम्मा त्याच्या सात पिढ्या काढायची. मग घरी येऊन एकटी जेवायची.

मिस्त्री सिद्धराम तिला विहिरीवर घेऊन गेला. भर दुपार. नंबरप्लेट गंजून गेलेली. त्यानं इंजिनावरचा गाळ पुसला. ओतीव लोखंडात उठलेली अक्षरं दिसली.

"काकू, हे सी म्हंजे तिसरा महिना. नऊ तारीख. शेवटी तीन, म्हंजे त्रेपन्न साल. त्या दिवशी हा ब्लॉक ओतला."

"मला शाळा शिकवू नको. सरक."

दर खंडेनवमीला तिनंच नवऱ्याच्या इंजिनावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले. वाचता येत नव्हतं, पण बोटांना पाठ होतं. तिनं डोळे मिटून हात फिरवला. आधी सीची चंद्रकोर...

"हेच हाय."

"काकू, त्या दिवशी ओतलेल्या समद्या ब्लॉकवर हेच असतंय."

"मग कोरीच्या पोटात ज्वारीएवढा खड्डा बी समद्यांना असतोय का?"

सिद्धरामनं वाकून बघितलं.

होता.

गुरम्मानं बोट त्या खड्ड्यातच ठेवलं. म्हणजे तो पळाला नव्हता. पण मग माती कुणाला द्यायची? कपाळावरचं कुंकू ठेवायचं, का पुसायचं?

"गाळ पुन्हा चाळ."

"दोनदा चाळला काकू. हाडूक न्हाई."

तो इंजिन न्यायला टेम्पो बघायला गेला. ती एकटी उरली. कनवटीची विभूती काढून तिनं तापल्या लोखंडावर तीन पट्टे ओढले.

तेवढ्यात विहिरीतून आवाज आला.

घर्र...

मोटारीला हँडल मारल्यासारखा.

पुन्हा... घर्र...

हँडल तर सापडलंच नव्हतं.

तिनं आत डोकावलं. भेगाळलेला गाळ. माणूस नाही, चिमणी नाही.

ती वळली.

तिच्या पट्ट्यांखाली... आणखी तीन पट्टे होते.

रुंद. पुरुषाच्या बोटांचे. मधला तोकडा. मन्मथच्या मधल्या बोटाचं टोक इंजिनाच्या पंख्याच्या पट्ट्यात गेलं होतं.

तिनं हात लावला.

ओले.

आत्ताच आंघोळ करून लावावेत तसे. कोसभर पाण्याचा थेंब नव्हता.

सिद्धराम आला. चाचरत म्हणाला, "काकू, माणूस न्हाई तर ह्या ब्लॉकलाच माती देऊ का?"

"ओल्या विभूतीला माती देतेत व्हय रे?"

तिनं कुंकू पुसलं नाही. दर सोमवारी विहिरीवर जायला कंधारची एसटी धरायची, दिवस मावळता परतायची. येताना बाजूची सीट कुणाला देत नसे. भांडायची.

एकदा मी सोबत होते. माझे पाय दुखत होते. "गुराक्का, ही सीट काय तुझ्या बापानं घेतली?" म्हणत मी टेकलेच.

तिनं मला दंड धरून उठवलं.

मी लुगडं चाचपलं...

मागून चिंब झालं होतं.