बिनलाइटची जागा

"लाइटवाली जागा घेतली की बिनलाइटची?" बापूसाहेबांनी विचारलं.

जेवणं आटोपली होती. थंडी होती म्हणून अंगणात शेगडी पेटवून सगळे बसले होते. बापूसाहेबांचा भाचा अजिंक्य आणि त्याची बायको प्रणाली मोबाइलवर बरगी धरणाच्या कॅम्पचं बुकिंग करत होते. प्रणालीला वरची, प्लग असलेली जागा हवी होती. अजिंक्यला खालची, पाण्याजवळची.

"मामा, तंबूत कशाला पाहिजे लाइट? मग घरीच झोपावं ना," अजिंक्य हसला.

बापूसाहेब हसले नाहीत. त्यांनी चिमट्यानं एक निखारा उलटा केला.

"यशोधन असंच म्हणाला होता," ते म्हणाले. "आपला शेजारचा, बँकेतला. ऐका मग. त्यानं मला सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

सन दोन हजार चोवीस, डिसेंबरची सात तारीख, शनिवार. चंपाषष्ठी होती. सकाळी दहा वाजता यशोधन सदर बाजारात तंबू आणायला गेला. चार माणसांचा, निळ्या कापडाचा तंबू त्यानं घेतला. दुकानदारानं तो फुटपाथवर उभा करून दाखवला, तेव्हा यशोधन त्यात शिरून आडवाही पडून आला. बेचाळीस वर्षांचा माणूस, पण त्या दिवशी पोरासारखा खूश होता.

घरात चारच माणसं. यशोधन, त्याची बायको मीरा, नऊ वर्षांची दुर्वा आणि वडील, अण्णा. अण्णा त्र्याहत्तर वर्षांचे, गणिताचे निवृत्त मास्तर. तब्येत ठणठणीत, फक्त एक दुखणं. झोपेत त्यांचा श्वास अडकायचा. घोरता घोरता एकदम बंद. दहा सेकंद, पंधरा सेकंद काहीच नाही. मग बुडता माणूस वर यावा तसे ते हवा ओढायचे. डॉक्टरांनी त्यासाठी मशीन दिलं होतं. नाकावर मास्क, त्याला लांब नळी, आणि ते विजेवर रात्रभर हवा ढकलत राहायचं. अण्णा त्याला सोंड म्हणायचे. "चल दुर्वा, आजोबाला सोंड लाव," म्हणायचे आणि झोपायचे.

यशोधन तंबू घेऊन घरी आला तेव्हा मीरा स्वयंपाकघरात वांगी भाजत होती.

"लाइटवालीच जागा घेतली ना?" तिनं विचारलं. "अण्णांचं मशीन आहे."

"खालची घेतली. वर काय आहे? नुसता लग्नाचा मांडव. माळा, स्पीकर, अन् पोरगी पुन्हा चार्जर लावून मोबाइलमध्ये."

"आणि अण्णांचा श्वास?"

"एका रात्रीचा तर प्रश्न आहे. मी जागा राहतो. श्वास अडकला की हलवतो. हलवलं की सुरू होतो, तुला माहीत आहे."

"रात्रभर जागशील?"

"वडील आहेत माझे. जागीन."

बाहेरून अण्णा ओरडले, "काहून भांडून राहिले रे? एका रात्रीनं काय होते?"

पण निघताना मीरानं मशीनची बॅग गाडीच्या डिकीत ठेवली.

चार वाजता ते पोचले. धरणाच्या फुगवट्याचं पाणी तिथं खूप आत शिरलेलं आहे. वर रस्त्याच्या बाजूला लाइटवाल्या जागा. एका रांगेत खांब, प्रत्येक खांबावर बल्ब आणि प्लगचा डबा. तिथून दोनशे पावलं उतार उतरलं की बिनलाइटच्या जागा, अगदी काठावर. त्या दिवशी खाली दुसरं कोणीच नव्हतं.

कॅम्पचा राखणदार गेंदालाल, तिथल्याच मासेमारांच्या वस्तीतला. त्यानं मशीनची बॅग सोडून बाकी सामान डिकीतून खाली आणून दिलं, खुंट्या ठोकून दिल्या. अण्णांकडं बघत तो म्हणाला, "साब, ऊपर एक जगह अभी खाली हुई है. लाइट वाली. बुजुर्ग साथ हैं... ऊपर ले लो."

"नहीं भैया, यहीं ठीक है," यशोधन म्हणाला.

"बाबा, ऊपर चलते हैं ना," दुर्वा म्हणाली.

"बघ तरी आकाश," यशोधन म्हणाला. "असं घरून दिसतं का?"

गेंदालाल हातोडी उचलून निघून गेला.

संध्याकाळ छान गेली, हे तो स्वतः सांगतो. घरून आणलेलं भरीत-भाकरी खाल्ली. अण्णांनी दुर्वाला तारे दाखवले. साडेदहाच्या सुमाराला षष्ठीची चंद्रकोर पाण्यापलीकडं मावळली. वरची गाणी अकराला बंद झाली. बल्ब एकेक करून विझले. एकच फाटकावरचा राहिला.

तंबूत झोपायची व्यवस्था अशी. एका कडेला दुर्वा, तिच्याशेजारी मीरा, मग यशोधन, आणि पाण्याच्या बाजूला अण्णा. अण्णा कुशीवर झोपले, यशोधनकडं तोंड करून. त्यांची पाठ तंबूच्या कापडाला टेकलेली.

बाराला अण्णा घोरायला लागले. थोड्या वेळानं थांबले. यशोधननं बारापर्यंत मोजलं आणि हात लांब करून त्यांचा खांदा हलवला. अण्णांनी हवा ओढली, पुन्हा घोरायला लागले. असं चारदा झालं, पाचदा झालं. सोपं होतं. इतकं सोपं, की त्याला मीराच्या काळजीचं हसू आलं.

मग त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा त्यानं मोबाइल पाहिला. दोन वाजून दहा मिनिटं. इतका वेळ अण्णांकडं कोणाचं लक्ष नव्हतं. पण लगेच कानावर श्वास पडला. संथ, सरळ. आत... बाहेर. आत... बाहेर. घोरणं नाही, अडकणं नाही. त्याला हायसं वाटलं. कुशीवर झोपल्यानं अण्णांचा घसा मोकळा झाला असेल, असं तो मनाशी म्हणाला.

तेवढ्यात अण्णा घोरले.

संथ श्वास थांबला.

अण्णांचं घोरणं पाच-सहा वेळा झालं आणि अडकलं. लगेच तो दुसरा श्वास सुरू झाला. आत... बाहेर. अण्णांनी हवा ओढली की तो थांबायचा. अण्णांचा अडकला की तो सुरू.

यशोधन पडल्या पडल्या ऐकत राहिला. मीराचा नव्हता. दुर्वाचा नव्हता. त्या दोघी त्याच्या पाठीमागं होत्या. आवाज समोरून येत होता. अण्णांच्या पाठीमागून.

कापडाच्या पलीकडून.

कुत्रं असेल, त्याला वाटलं. गाय असेल. त्यानं मोबाइलचा उजेड हळूच तिकडं वळवला. अण्णांच्या मानेमागं, हातभर वर, तंबूचं कापड हलत होतं. वशिंडाएवढा भाग आत यायचा... बाहेर जायचा. आत... बाहेर. बाकी सगळं कापड स्थिर. वारा नव्हता.

त्यानं उजेड विझवला.

मीराला उठवावं असं त्याला वाटलं. पण ती उठेल, ओरडेल, दुर्वा जागी होईल. आणि ओरडणं ऐकून बाहेरचं ते... काय करेल?

अण्णांचा श्वास पुन्हा अडकला.

आता बाहेरचाही थांबला.

पूर्ण शांतता. पाण्याचा आवाज नाही. किडे नाहीत. यशोधननं मोजायला सुरुवात केली. दहा. पंधरा. हात लांब करायचा, बस. खांदा हलवायचा. पण अण्णांचा खांदा त्या कापडाला टेकलेला होता.

वीस.

हात उचलला नाही.

पंचवीस. बाहेर कोणी तरी मोजत होतं. त्याच्यासारखंच. हे त्याला कसं कळलं, ते तो सांगू शकत नाही. पण कळलं.

तीस... अण्णा हलले नाहीत.

पस्तीस. दोनशे पावलांवर फाटकाचा बल्ब. डिकीत मशीन. हात छातीखाली दाबलेला. निघेना.

चाळीस...

कापड आत आलं.

या वेळी श्वासानं नाही. हातानं. अंधारात दिसत नव्हतं, पण कापड ताणल्याचा आवाज आला. मग अण्णांच्या स्वेटरवर काही तरी टेकल्याचा. यशोधननं उजेड लावला. का लावला, त्यालाही माहीत नाही. निळ्या कापडात एक पंजा उमटला होता. पाच बोटं, वेगवेगळी. अण्णांच्या पाठीवर टेकलेली.

त्या हातानं अण्णांना हलवलं.

एकदा. मग पुन्हा, जरा जोरात. झोपलेल्या माणसाला आपलं माणूस हलवतं तसं.

अण्णांनी हवा ओढली. घोरायला लागले.

पंजा मागं गेला.

...

पहाटेपर्यंत हे चाललं. किती वेळा, त्यानं मोजलं नाही. अण्णांचा श्वास अडकायचा. शांतता. मग कापडाचा तो आवाज. मग अण्णांची धाप. यशोधन डोळे उघडे ठेवून पडून राहिला. दोन हातांच्या अंतरावर वडील होते. एकदाही त्याचा हात पुढं झाला नाही.

साडेपाचला पाण्यावरून मासेमारांच्या हाका आल्या. त्यानंतर मात्र काही झालं नाही.

सकाळी बाहेर चूल पेटली होती. अण्णा शाल पांघरून चहा पीत बसले होते, चेहरा ताजातवाना.

"मीरा," ते म्हणाले, "तुझा नवरा रात्रभर झोपला नाही. सारखा हलवून राहिला मला. दर वेळेस जाग आली थोडी थोडी." मग यशोधनकडं वळले. "पण हात किती गार रे तुझा. स्वेटरमधून लागून राहिला होता."

मीरानं यशोधनकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. "मला वाटलं होतं, झोपून जाशील," ती म्हणाली. "चुकलं माझं."

यशोधनला बोलायचं होतं. शेवटी तो म्हणाला, "हो. जागाच होतो."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त लागलं.

चहा तसाच ठेवून तो तंबूच्या मागं गेला. तिथं उभं राहायला जागाच नव्हती. खुंटीपासून वीतभर माती, आणि पुढं काठ सरळ पाण्यात तुटलेला. वीतभर मातीवर दव पडलं होतं. त्यावर पाऊल नाही, बोट नाही, काही नाही.

गेंदालाल सामान न्यायला आला तेव्हा यशोधननं त्याला बाजूला घेतलं. "भैया, रात को यहाँ कौन आता है?"

गेंदालालनं डोक्यावरचा गमछा सोडला, पुन्हा बांधला.

"पिछली ठंड में एक साब आए थे," तो म्हणाला. "अकेले. उनके पास भी वो मशीन थी, साँस वाली. ऊपर सब भरा था उस दिन. बोले, एक रात की बात है, नीचे ही लगा दो." त्यानं पाण्याकडं पाहिलं. "सुबह चाय लेकर मैं ही गया था, साब. कोई हिलाने वाला नहीं था ना उनको."

यशोधननं घरी कोणाला काही सांगितलं नाही. अण्णा पुन्हा सोंड लावून झोपायला लागले. लाइट गेली की यशोधन उठून त्यांच्या पलंगाशी बसायचा, लाइट येईपर्यंत. खांद्यावर हात ठेवून.

पुढच्या आषाढात अण्णा गेले. श्वासानं नाही, पोटाचं दुखणं निघालं. दवाखान्यात पंधरा दिवस होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच गोष्ट सांगायचे. "माझ्या पोरानं बरगीला रात्रभर मला मरू दिलं नाही. झोपला नाही बिचारा." यशोधन उशाशी उभा असायचा. लोक त्याची पाठ थोपटायचे. तो खाली बघायचा. अण्णांना खरं सांगावं म्हणून दोनदा तोंड उघडलं होतं त्यानं. दोनदा अण्णांनी त्याचा हात धरला, आणि राहून गेलं. तेराव्यानंतर तो माझ्याकडं आला आणि इथंच, या पायरीवर बसून, हे सगळं बोलला. तोवर मीरालाही माहीत नव्हतं.

बापूसाहेब थांबले. शेगडीवर राख धरली होती. प्रणालीनं शाल गळ्यापर्यंत ओढली. अजिंक्यच्या हातातल्या मोबाइलचा पडदा केव्हाच काळा झाला होता.

"आणि तंबू?" प्रणालीनं हळूच विचारलं.

"तंबू आहे," बापूसाहेब म्हणाले. "बरगीहून आल्यावर मीरानं गच्चीवर वाळत घातला होता. दोरीवर कापड सपाट लोंबत होतं. फक्त एका ठिकाणी आत गेलेलं. तिनं हातानं ओढलं. ओलं करून ताणलं. घडी करून महिनाभर गाद्यांखाली दाबून ठेवलं. यशोधननं मला माळ्यावरून काढून दाखवला, तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्यानं कापड पलंगावर पसरलं, दोन्ही हातांनी ताणून धरलं..."

त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"पाच बोटं. वेगवेगळी. अजून तशीच आत आलेली आहेत."