तिसरी हाक

कंप्युटरला हाका मारायचा पगार घेते माझी पोरगी, असं आई शिरूरच्या बाजारात ज्याला त्याला सांगायची आणि हसायची. खोटं नव्हतं. कारेगावला आमची सुट्या भागांची कंपनी, माल केडगावच्या गोडाऊनमध्ये, आणि मालाचा हिशेब ठेवणारा सर्व्हर गोडाऊनच्याच एका खोलीत. तो चालू आहे की बंद, हे कारेगावात बसून कळावं म्हणून दोन हजार चार साली मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. ती थोड्या थोड्या वेळाने सर्व्हरला आपोआप विचारायची, आहेस का? उत्तर आलं की पडद्यावर हिरवी ओळ. लागोपाठ तीनदा आलं नाही की लाल ओळ. मग मी वजीरमामांना फोन करायचे आणि ते जाऊन मशीन बंद करून पुन्हा चालू करायचे.

वजीरमामा गोडाऊनचे राखणदार. नात्याने माझे कोणी नव्हते, पण सगळेच त्यांना मामा म्हणत. मागच्या खोलीत एकटे राहायचे आणि दारातल्या झाडाचे पेरू ट्रकबरोबर माझ्यासाठी पाठवायचे. त्यांची खोड एकच. दुपारचा फोन पहिल्यांदा उचलायचे नाहीत, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा मात्र लगेच, "बोला, तेजूताई."

उन्हाळा लागला आणि सर्व्हरलाही तीच खोड लागली. भरदुपारी दोन हाका वाया जायच्या, उत्तर तिसरीला. तेवढा वेळ मालाचा हिशेब अडून राहायचा. एरवी ठणठणीत. मी केबल बदलली, नेटवर्क कार्ड बदललं, टेलिफोनवाल्यांचं डोकं खाल्लं. पुण्याच्या साहेबांनी बजावलं होतं, हे असंच चाललं तर गोडाऊन पुण्याला हलवू. म्हणजे मामांची नोकरी जाणार आणि डोक्यावरचं छप्परही. ते मी होऊ देणार नव्हते. मी हट्टी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

न्हावरा, पारगावचा पूल, चौफुला अशी गाड्या बदलत मी केडगावला गेले. गोडाऊनच्या पाठीला ऊस लागून होता. वारा पडलेला, एक पान हलत नव्हतं. मशीन उघडून धूळ काढली, पंखा पुसला, दोष सापडला नाही. दुपारी माझ्या डोळ्यांसमोर कारेगावची पहिली हाक आली. मशीनचा दिवा लुकलुकला आणि थांबला. दुसरीलाही तेच झालं. मशीन चालू होतं, हाक त्याला ऐकू येत होती. ते उत्तर देत नव्हतं.

"शाणं हाय," दारात उभे असलेले मामा म्हणाले. "दुपारची हाक तिसऱ्या खेपंला घ्यावी. त्याला दोनदाच मारता येती."

"त्याला म्हणजे कोणाला?"

"कुनाला ठावं. उसातनं मारतं. ओ दिली का मानूस गेला, असं म्हातारी मान्सं म्हनायची."

"तुम्ही ऐकलीय?"

मामांनी मान हलवली. "रोज. तुमच्याच आवाजात येती, तेजूताई. म्हून तर फोन बी थांबून घेतो." मग हळूच म्हणाले, "मघाशी बी आली. तुम्ही हितं मशीन पुसत हुता तवा."

तिसऱ्या हाकेला सर्व्हरने उत्तर दिलं. मी उसाकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. पण निघेपर्यंत मी त्या बाजूला पाठ केली नाही, हे मान्य करते.

साहेबांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. उलट त्यांचाच हुकूम आला. "तीनदा कशाला विचारता? एकदाच विचारा. मशीनला आणि त्या म्हाताऱ्यालाही. जमत नसेल तर गोडाऊन हलवतो." स्क्रिप्टमधल्या तीनचा मी एक केला आणि मामांना फोन लावला. त्यांना साहेबांचा निरोप सांगितला.

"खोली जाईल, न्हाई का?" ते म्हणाले. "बरं. पहिल्याच येळंला घीन."

त्या दुपारपासून सर्व्हर पहिल्याच हाकेला उत्तर देऊ लागला. मी दुसरं काहीही बदललं नव्हतं. साहेब खूश झाले, गोडाऊन राहिलं. मामाही पहिल्याच खेपेला फोन उचलायचे. त्यांच्यासाठी पेढे घेऊन जायचं मी ठरवलं.

पेढे राहिले. एका दुपारी ट्रकवाल्या हौसरावांचा फोन आला.

"म्याडम, मामा कुठं गेल्यात? दार सताड उघडं हाय. भाकर ताटात तशीच, घास मोडल्याला."

"तिथेच असतील. मागे बघा ना."

"बघितलं की. चपला हायेत मागं. उसाकडं तोंड करून."

त्या दुपारी मी मामांना फोन केलाच नव्हता.

पोलीस आले, ऊस पालथा घातला. पुढे तोडणी लागली तेव्हा मी रजा टाकून बांधावर उभी राहिले. शेवटचं कांडं तुटेपर्यंत हलले नाही. फड मोकळा झाला. मामा नव्हते.

मी शोध सोडलेला नाही. सोडणारही नाही. स्क्रिप्टमध्ये पुन्हा तीन घातले आहेत, साहेबांना न विचारता.

आता हाक कारेगावात येते. दुपारी, मी डबा उघडला की, पाठीमागच्या खिडकीतून. "तेजूताई." आवाज मामांचाच. मग पुन्हा एकदा. दोनदाच.

मामा असतील तर तिसरी मारतील. त्यांना ठाऊक आहे. म्हणून मी घास हातात धरून थांबते.

आज दुसऱ्या हाकेनंतर मी खूप वेळ थांबले. ओठांवर आलेली ओ दातांनी धरून ठेवली होती.

तिसरी आली नाही. खिडकीबाहेरून, अगदी जवळून, मामा मायेनं म्हणाले, "पेरू आनल्यात. ओ द्या की."